भिंगरीचं उभं राहणं

दूधवाल्याची घोडी इतकी चपळ, की तिची सावली घरी पोहोचायची तेव्हा तिचं पाणी पिऊन झालेलं असे. नाव भिंगरी. ती गाडीला जुंपली की कॅनमधल्या दुधाचं वाटेतच लोणी व्हायचं, आणि गल्लीच्या टोकाच्या मास्तरीणबाई पातेल्याऐवजी सुरी घेऊन दारात यायच्या.

दूधगाडीच्या घोड्याला पळता आलं नाही तरी चालतं, उभं राहता आलं पाहिजे. मालक जिना चढून दूध घालून येईपर्यंत, लगाम कुणी धरलेला नसताना दारात गप उभं राहायचं, एवढीच त्याची विद्या. भिंगरीला नेमकी तीच येईना. दूधवाला एका दारात, गाडी तिसऱ्या गल्लीत.

गाडीत निम्मी भागीदारी मेहुण्याची. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "दाजी, रविवारी सकाळी येतो. गाडी भरून होईपर्यंत घोडी उभी राहिली तर ठेवू. नाहीतर खाणीच्या ठेकेदाराला देऊ. दगड ओढून येईल ताळ्यावर."

दूधवाल्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. आईवेगळं शिंगरू त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. दूध विक्रीचं आणि बाटली बायकोपासून लपवलेली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं भिंगरीला दमवायला घेतलं. लांब दोर लावून माळावर गोल गोल पळवायची, घामाघूम झाली की घरी आणायची, आणि पोर फार दमली म्हणून दाण्याची चंदी दुप्पट घालायची. तीन दिवसांत घोडीची छाती लोहाराच्या भात्यासारखी झाली. तबेल्यात ती नुसती शिंकली तरी शेजारचं कौल सरकायचं.

"अहो, तिला दमवताय की पहिलवान करताय?" बायकोनं विचारलं.

"मग काय करू? तूच सांग."

"ती कुणावर गेलीय ते बघा. जेवताना तुमचा एक पाय उंबऱ्याबाहेर. आंघोळ उरकता आणि मग आठवतं, साबण राहिला. तिची आई म्हणजे तुम्हीच ना? मग लेकरू तेच शिकणार."

दूधवाल्यानं उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय आत घेतला.

त्यानं पळवणं थांबवलं, चंदी निम्म्यावर आणली, पुढ्यात नुसतं वाळलं गवत टाकलं. मग तबेल्यात जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला. कातडी थरथरत होती. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, आधी थरथरतोय तो आपला हात. ती जाईल या धास्तीनं.

तो खरारा करू लागला, मानेपासून पाठीपर्यंत, अगदी सावकाश. रविवार आठवला की हात भरभर चालायचा, लगेच तिचे कान ताठ. तो थांबायचा, लांब श्वास सोडायचा, पुन्हा मानेपासून सुरुवात. शुक्रवारी भिंगरीनं मान खाली घातली, ओठ चाटले आणि असा लांबलचक उसासा टाकला, की बाहेर दोरीवरचे ओले कपडे वाळले.

रविवारी मेहुणा दोर घेऊनच आला. दूधवाल्यानं पहिला कॅन चढवला. कॅन खणकला तशी भिंगरीनं पाय उचलला. त्यानं लगामाला हात घातला नाही. मानेवर तळवा ठेवला आणि श्वास सोडला. पाय खाली आला. मग दुसरा कॅन. पुन्हा तळवा, पुन्हा श्वास.

"दाजी, उशीर होतोय."

"होऊ दे."

खिडकीत उभ्या बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकले होते.

शेवटचा कॅन चढला. दूधवाला बाजूला झाला, चार पावलं लांब गेला, पाठ करून उभा राहिला. मागे वळून बघायचा त्याला धीर होईना. टापेचा आवाज आला नाही. मेहुणाच पुढे गेला, वाकून घोडीच्या तोंडाकडे बघत राहिला. भिंगरीचा खालचा ओठ लोंबत होता, डोळे मिटलेले.

"झोपली की हो ही," तो म्हणाला. "आता गाडी हलायची कशी?"

"हळू बोल रे," दूधवाला पुटपुटला. परत येऊन तो तिच्या खांद्याला टेकला. "लोक थांबतील थोडे. झोपू दे तिला."

मेहुण्यानं दोर बगलेत मारला आणि चपला काढून, पाय न वाजवता, बहिणीकडे चहा मागायला गेला.