रांगेतले फगे

शाफीने आईला गाडीतच बसू दिलं, कॉफीचा थर्मास तिच्या हाताशी ठेवला आणि बसायला बरी जागा बघून येतो असं सांगून तो गाडीच्या मागे गेला. मागच्या हौद्यात बर्फाची पेटी होती. तिच्यात पाण्याच्या बाटल्यांखाली एक पिशवी, आणि पिशवीत सात फगे. काल बाजारातून आणलेले, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखातून आलेले. ती पिशवी त्याने अंगरख्याखाली दडवली. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, नगरपालिकेच्या पाणी खात्यातला कारकून, चार लेकरांचा बाप, आणि निघाला होता आईच्या डोळ्यांत धूळ फेकायला. तेही अशा आईच्या, जिला साखरेच्या आजाराने गेली तीन वर्षं उजेड आणि अंधार यांपलीकडे काही दिसत नव्हतं.

फगा म्हणजे जमिनीच्या पोटात वाढणारं अळंबं, लहान बटाट्याएवढं. वसंतात अर्धं शहर त्याच्यापायी वाळवंटात लोटतं आणि उरलेलं अर्धं ते विकत घेतं. पण शाफीची निकड खाण्याची नव्हती. त्याच्या आईचा पाय त्या फग्यावर अडकला होता.

बारा दिवसांपूर्वी इस्पितळातल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरने त्याच्या आईचा, मिझनाचा, काळा पडलेला डावा पंजा पाहिला, गुडघ्याखाली चार बोटांवर पेनने निळी रेघ ओढली आणि शाफीला बाहेर नेऊन नीट समजावलं. काळं या रेघेच्या खाली आहे तोवर पाय कापता येईल, आई वाचेल. गुडघ्याच्या वर चढलं, तर तेवढी मोठी शस्त्रक्रिया तिचं हृदय सोसणार नाही. शाफीने हे घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पायासकट आले, पायासकट जाईन."

दोन दिवस सगळ्यांनी डोकं फोडलं. सून रडली, मशिदीतले इमाम येऊन गेले, टोळीतले दोन म्हातारे येऊन कॉफी पिऊन गेले. मिझना बधली नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली की वाळवंटात हिरवळ आलीय म्हणतात, मला घेऊन चल. माझ्या हाताने जमिनीतून एक फगा निघाला, तर सुरा तुमचा आणि पाय माझा. शाफीला आभाळ ठेंगणं झालं. अट घातली म्हणजे बाई अर्धी कबूल झाली, असा त्याने सोयीचा अर्थ काढला.

आंधळ्या बाईला उगाच फरफटवायला नको, आधी आपण जागा हेरून ठेवू, म्हणून तो रोज कचेरी सुटली की गाडी घेऊन वाळवंटात जायचा. नऊ दुपारी. कंबरेत वाकून, झुडपाझुडपाखाली, भेगेभेगेत. एकही फगा दिसला नाही. लोकांनी आधीच वेचून नेले असतील असं तो रोज स्वतःला सांगायचा. कुणा म्हाताऱ्याला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण वाळवंटात जन्म काढणाऱ्या बदूच्या पोराने फगा कुठे सापडतो हे चारचौघांत विचारायचं म्हणजे स्वतःचं नाक स्वतःच कापून घेणं, आणि शाफीला पाण्याच्या पाइपांखेरीज जमिनीखालचं काहीच कळत नाही हे जगजाहीर व्हावं अशी त्याची इच्छा नव्हती. असा हा अभिमान. त्यात नऊ दिवस गेले.

वसंत मात्र खरा होता. थंडी सरताना दोन चांगले पाऊस झाले होते आणि आठ महिने उघडी बोडकी असलेली जमीन दूरपर्यंत हिरवी झाली होती. मधूनमधून पिवळी अर्फजची झुडपं, सखल भागात जांभळ्या खुजामाचे ताटवे. शुक्रवार असल्याने लोकांनी तंबू ठोकले होते, कुणाचं कोकरू शिजत होतं, पोरं उतारावरून गडगडत खाली येत होती. येताना मिझनाने काच खाली करून तोंड बाहेर काढलं होतं आणि नुसत्या वासावरून एकेका झाडाचं नाव घेतलं होतं. तिचं अंग तापलंय हे तिला उचलून गाडीत बसवताना शाफीच्या हाताला लागलं होतं. उन्हामुळे असेल, असं त्याने मनाला सांगितलं.

लोकांपासून दूर, एका सपाट जागी, त्याने खुरपीने सात खड्डे केले, सात फगे पुरले आणि वरून हाताने वाळू सारखी केली. मग आईकडे गेला आणि म्हणाला की जागा फक्कड मिळालीय.

ती चालत आली. पट्ट्यांत गुंडाळलेल्या पायात तिला काही कळत नव्हतं, त्यामुळे दुखतही नव्हतं. एक हात काठीवर, एक त्याच्या खांद्यावर. मग खाली बसली, गुडघ्यांवर पुढे सरकत दोन्ही तळव्यांनी जमीन चाचपू लागली. शाफी श्वास रोखून बघत होता. पहिला फगा तिला लगेच सापडला. तिने तो वर काढला, तळहातावर धरला, नाकाशी नेला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चौथ्यानंतर तिने हात झाडले आणि बैठक मारली.

"शाफी, ही रांग कुणी लावली? नगरपालिकेने?"

शाफीने खुरपी पाठीमागे नेली.

"सात असतील, नाही तर आठ. वीत वीत अंतरावर. आणि हा बघ, हात लाव. वर वाळू तापलीय आणि हा आतून गार. जमिनीत फ्रीज बसवलाय का रे तुम्ही लोकांनी?"

"यम्मा, तू म्हणाली होतीस की..."

"फगा रगरूगच्या झुडपाशी असतो. इथे रगरूग नाही, मला त्याचा वास येत नाही. वर जमीन फुगून चिरते. ही चिरली नव्हती, थापली होती." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि यंदा वस्म पडलाच नाही."

वस्म म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचा पाऊस. तो नाही पडला तर मागून कितीही बरसो, गवत येतं, फुलं येतात, फगा येत नाही. हे, तिने त्याला सांगितलं तसं, शेळ्या राखणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. शाफी दोन वर्षांचा असताना घरच्यांनी उंट विकून शहरात नळाचं घर घेतलं होतं, त्याला कुठून ठाऊक असणार. पण आता त्याला एक गोष्ट लखलखीत कळली. तिने अट घातली ती पुरी व्हावी म्हणून नव्हती. तो तिचा नकार होता, जरा गोड करून दिलेला.

मग मात्र शाफीचा तोल गेला. इतक्या दिवसांत तो आईवर आवाज चढवून बोलला नव्हता, तो आज बोलला. माझी थट्टा चालवलीस, म्हणाला. नऊ दिवस उन्हात मी एकेक झुडूप उलटं केलं, अंगठ्याचं नख गेलं, घरी कामाचं खोटं सांगितलं, आणि तू घरात बसून वाट बघत होतीस मी कधी थकतो त्याची. तुला तुझा पाय प्यारा आहे, मी नाही. शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फाटला आणि तो दुसरीकडे बघू लागला.

मिझनाने हातातला फगा वाळूवर ठेवला.

"नऊ दिवस?" तिने विचारलं.

"नऊ."

"मला वाटलं, एक दिवस जाशील आणि कुणीतरी सांगेल." तिने हात पुढे केला, त्याचा हात शोधला आणि नख गेलेला अंगठा चाचपून पाहिला. "माझी अट खोटी, तुझे फगे खोटे. फिट्टंफाट झाली. उद्या ने मला."

"कुठे?"

"लग्नाला. इस्पितळात, दुसरं कुठे? कापू दे त्या मिसऱ्याला. तुझ्यासाठी हं, माझ्यासाठी नाही."

शाफीने तिचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. आजवर एवढा हलका तो कधी झाला नव्हता. त्याने चटई अंथरली, वाळकी झुडपं गोळा करून जाळ केला, आणि तिच्या सांगण्यावरून तीन फगे न सोलता राखेत सरकवले. मिझनालाही जणू ओझं उतरल्यासारखं झालं होतं. तिने तीन खजूर खाल्ले, जे खायचे नव्हते, आणि शाफीने तिला अडवलं नाही. कुठल्याशा तंबूतून कुणी ढोलकं वाजवत होतं, त्याच्या तालावर ती बोटं नाचवत होती. आपल्या लग्नाच्या वर्षी वसंत एवढा माजला होता की नवऱ्याने तिला दोन दिवस गवतात शोधलं, असं काहीतरी ती सांगत होती. ते अर्थातच खोटं होतं.

मग म्हणाली, "पट्टी सोड."

"कशाला? परवाच बदललीय. आता उद्या तेच बदलतील."

"सोड रे. उद्या कापायचाच आहे तर आजचा दिवस त्यालाही वाळूवर बसू दे. बासष्ट वर्षं चाललाय बिचारा, एक वसंत त्याच्या वाट्याला नको?"

शाफी हसला आणि पट्टी सोडू लागला. वास रोजचाच होता, त्याची सवय झाली होती. पंजा, घोटा, पोटरी. निळी रेघ त्याला दिसेचना. आधी त्याला वाटलं, पुसली गेली. मग त्याने तिचा झगा आणखी वर सरकवला आणि त्याला कळलं की रेघ जागच्या जागी आहे, फक्त काळ्यावर निळं दिसत नाही. काळं गुडघा ओलांडून गेलं होतं. त्याच्यावर चार बोटं कातडी तांबडीलाल आणि तापलेली. त्याने बोट टेकवलं, तर आत कुरकुरलं.

"काय झालं? घाण दिसतंय का?" मिझनाने विचारलं.

"नाही. तसंच आहे."

त्याने तो पाय अलगद उचलून वाळूवर ठेवला. तिला काही कळलं नाही, म्हणून तिने हाताने वाळू घेऊन त्यावर सोडली आणि समाधानाने मागे कलली. बोलत मात्र राहिली. पुढच्या वर्षी वस्म पडेल, ती म्हणत होती, लागोपाठ दोन वर्षं तो चुकत नाही. रगरूग कुठे दाट उगवतो ते ती त्याला दाखवेल, म्हणजे हाताने दाखवेल, डोळे त्याने लावायचे. त्याने तिला पाठीवर घ्यायचं. "एका पायाचं ओझं तेवढंच कमी," ती म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली. बारा दिवसांत, खरं तर तीन वर्षांत, पुढच्या वर्षाचं नाव तिच्या तोंडून शाफीने पहिल्यांदा ऐकलं.

"फोन कर त्याला. आत्ताच कर," ती म्हणाली, "माझं मन फिरायच्या आत."

शाफी उठून पंधरा-वीस पावलं दूर गेला. सुट्टीचा दिवस होता, तरी डॉक्टरने फोन उचलला. शाफीने खालच्या आवाजात पाहिलं ते सांगितलं. डॉक्टरने तीन गोष्टी विचारल्या. गुडघ्याच्या किती वर? मांडी गरम आहे? दाबल्यावर कुरकुरतंय? शाफीने तिन्हींची उत्तरं दिली.

"कुठे आहात तुम्ही?" डॉक्टरने विचारलं.

"वाळवंटात."

"हिरवळ आहे?"

"आहे."

"मग संध्याकाळपर्यंत तिथेच बसू द्या त्यांना. नंतर घेऊन या, दुखू नये एवढं बघतो. कापण्यात आता अर्थ नाही, शाफी. टेबलावरच जातील."

तीन दिवस आधी आणलं असतं तर, हे शाफीला विचारायचं होतं. त्याने ते विचारलं नाही, आणि डॉक्टरनेही आपणहून सांगितलं नाही. क्षमा करा, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

"डावा म्हणावं!" मागून मिझनाची हाक आली. "नीट सांग, यम्मा. नाहीतर चांगला कापून ठेवतील."

तिकडच्या आया लेकरालाही यम्मा, म्हणजे आई, म्हणूनच हाक मारतात. शाफी ते लहानपणापासून ऐकत आला होता. बंद झालेला फोन त्याने कानाला तसाच धरून ठेवला.

"डावा, डॉक्टर," तो मोठ्याने म्हणाला. "हो, डावाच."

"आणि विचार, उपाशी यायचं की खाऊन?"

डॉक्टरला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ शाफी थांबला.

"उपाशी यायला सांगितलंय."

"मग आज पोटभर खाऊन घेते," मिझना म्हणाली. "ये लवकर. राखेतले करपतायत."