झाकणाच्या उजवीकडे

मेंढ्या व्यायला लागल्या की क्लॅरीच्या माळावर कोल्हे हजर होत, आणि क्लॅरीच्या गोळ्या हल्ली कोल्हा सोडून सगळ्यांना लागत. गेल्या मोसमात तर पाण्याच्या टाकीलाच भोक पडलं. तेव्हा त्याची लेक शेरिल म्हणाली, "बाबा, रायफलला दुर्बीण लावा, नाहीतर रायफल माझ्याकडे द्या. यंदा राखणीला मी बसते."

रायफल द्यायची? त्यापेक्षा क्लॅरीने बत्तिशी काढून दिली असती. तो मुकाट्याने दुकानात गेला आणि सगळ्यात लांबलचक दुर्बिणीला चिकटला.

"हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे!"

"कोल्हे चंद्रावर राहात नाहीत," दुकानदार म्हणाला. "ही आखूड घ्या. तिन्हीसांजेलाही स्वच्छ दिसतं, आणि कोल्हा पळाला तरी नजरेतून सुटत नाही."

घरी आल्यावर शेरिलने रायफलच्या नळीमागचा खटका-दांडा काढला, ती वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवली आणि नळीतून आरपार बघत समोरच्या खुंटावरचं रंगाच्या डब्याचं झाकण मधोमध आणलं. मग रायफल न हलवता दुर्बिणीतली फुली त्याच झाकणावर येईपर्यंत दुर्बिणीचे स्क्रू फिरवले.

"बरी लावलीये हो हिने, बिस्किटा," क्लॅरी कुत्र्याला म्हणाला. लेकीचं कौतुक तो नेहमी कुत्र्यालाच सांगायचा. शेरिलला त्या कुत्र्याचा कधीकधी मनापासून हेवा वाटे.

पैज ठरली. तीन गोळ्यांतली एक तरी झाकणाला लागली तर शेरिलने पुन्हा रायफलचं नाव काढायचं नाही; नाहीतर रायफल तिची.

पहिली गोळी वीतभर उजवीकडे गेली. दुसरीही तिथेच.

"दुर्बीण वाकडी आहे!" क्लॅरी भडकला.

"नेम कुठे धरलात?"

"कुठे म्हणजे? झाकणाच्या उजवीकडे! जन्मभर धरतोय तसा."

शेरिलला हसू आवरेना. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, म्हातारा तरुणपणी घोड्यावरून रायफलसकट पडला तेव्हाच वाकली होती. तेव्हापासून गोळी डावीकडे जायची आणि तो उजवीकडे नेम धरायचा. आता दुर्बीण सरळ होती, वाकडा राहिला होता तो फक्त म्हातारा.

गप्प बसली असती तर रायफल तिचीच होती. तिला ती हवीही होती, फार हवी होती. पण भुवया ताणून तिसरी गोळी भरणाऱ्या बापाकडे बघून तिच्याने राहवेना.

"बाबा, मधोमध धरा."

"मधोमध? वेड लागलंय का तुला?"

"एकदा धरून तर बघा."

ठण्ण! झाकण उडून गवतात पडलं. शेरिल पैज हरली होती. ती वाळूच्या पिशव्या उचलायला लागली.

क्लॅरीने रिकाम्या खुंटाकडे पाहिलं. मग रायफल रिकामी करून त्याने ती तिच्या हातात दिली.

"घे. आजपासून राखणीला तू बस. तुझ्यासारखी नजर या माळावर कुणाची नाही."

बिस्किट शेपूट हलवत पुढे आलं.

"तू हो बाजूला," क्लॅरी म्हणाला. "मी तिला सांगतोय."