पाय फक्त मीच पाहिले

मी खड्डामाग बोलतोय, खड्ड्यावर बसवलेला विणायचा माग. बोलायची हौस नाही मले. सकाळी करुणानं माझ्या अंगावरची कोंबड्यांची घाण खरवडली आन् म्हणाली, "सांग ना बुढ्या, तुह्यावर काय काय लादलं ते." ती म्हणते म्हणून सांगतो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर सांगितलं नसतं.

मी सागाचा. आंधळगावच्या डोमा विणकरानं मले घडवून घेतलं. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसते, पायानं पावड्या दाबते. लोक त्याचे हात पाहतात, मी पाय पाहतो. चाळिशीत डोमाचा डावा पाय सुजला, निळा पडला. आठ दिवसांत छातीत कळ येऊन माणूस गेला. खड्ड्यात बसून बसून झालं, असं लोक म्हणाले. बोल मले लागला.

डोमाची लेक करुणा. पवनीच्या हेमराजशी तिचं लग्न झालं तवा तिच्यासंगं मलेही ट्रॅक्टरवर टाकून आणलं. काय हात होता पोरीचा, किनारीचा एक धागा चुकत नव्हता.

पहिलं मूल चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्यात. शेजारच्या रंभाबाईपासून सारे येऊन तिचं पोट पाहून गेले, अंगारा लावून गेले. इकडं तिचा डावा पाय पावडीवर जड पडत होता, सुजीत पैंजण रुतत होतं. डोमाचाच पाय तो. पण मले तोंड कुठं होतं?

तिसरं गेलं तवा सासरा मधुकरराव चारचौघांत बोलला, "हा मागच पोरं खाते. हिच्या बापाले खाल्लं, आता आमचा वंश खाऊन राहिला." सब्बल घालून मले उपटलं, गोठ्यात फेकलं, खड्डा मातीनं बुजवला. करुणा त्या मातीजवळ दिवसभर बसून होती. तिले कोणी एक शब्द विचारला नाही.

चौथ्यांदा दिवस गेले तसा हेमराज तिले भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेला. आल्यावर माझ्याच लाकडावर टेकून दोघं बोलले. बाईनं पोटाआधी पाय पाहिले म्हणे. माहेरी कोणाचा पाय असा सुजला होता का, विचारलं. रक्त नागपूरले तपासून आलं. दोष जन्माचा, बापाकडून आलेला. रक्त लवकर गोठते, वारेत गुठळ्या होतात, आतल्या लेकराले काही पोचत नाही.

मग रक्त गोठू नये म्हणून रोज पोटात एक सुई. सासू आनंदाबाई आधी कुरकुरली, मग तीच सुईची वेळ सांगू लागली. मी गोठ्यातून महिने मोजले. चौथा गेला. पाचवा गेला. मार्चात पोरगी झाली. अशी रडते का गाय दावं तोडते.

मधुकररावानं गावभर पेढे वाटले. माझ्याजवळून जाताना मात्र मान वळवते. परवा चुलीसाठी मले फोडायले कुऱ्हाड घेऊन आला. त्याच्या तळहातात बोटभर कुसळ घुसवलं मी. मुद्दाम घुसवलं. ते करुणानंच सुईनं काढलं, आन् काढता काढता हळूच बोलली, "मामाजी, लाकडाचा दोष नव्हता. माहाही नव्हता."

तो हात पाहत बसला. चुकलो, एवढं तोंडातून निघालं नाही.

हेमराज मले पुन्हा बसवतो म्हणते. बसीन. पण खड्डा ज्यानं बुजवला त्यानंच उकरावा, आन् खाली उतरून करुणाच्या पायांकडे पाहून माफी मागावी. तोवर माझ्या एकेका लाकडात त्याच्यासाठी कुसळ राखून ठेवलं आहे. नाव लिहून घ्या. यादोरावाचा पोरगा, मधुकर.