पार कामातून गेलेत

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं खुर्चीचा मागचा डावा पाय केला. खुर्ची नाही, पाय. कारखाना कचेऱ्यांसाठी खुर्च्या बनवणारा. चार पायांचे चार विभाग, पाठीचा पाचवा, बैठकीचा सहावा आणि सहाही विभागांचे दरवाजे वेगळे. अख्खी खुर्ची जोडली जायची सातव्या इमारतीत. तिथे आत जायला परवाना लागायचा. ह्यांनी एकदा अर्ज केला होता, तो "मागच्या डाव्या पायाचा तिथे संबंध नाही" असा शेरा घेऊन परत आला. कारखान्यात ह्यांना नावाने कुणी हाक मारतच नसे. डावेपाय आले, डावेपाय जेवायला गेले, असंच चालायचं. लग्न ठरवताना माझ्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा सुतार आहे, बायबलातल्या आपल्या प्रभूंसारखा. प्रभूंनी निदान अख्खी वस्तू तरी केली असेल, हे मला लग्नानंतर सुचलं.

साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि घरी येऊन बसले. खिडकीजवळ, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मी घरी काजं-बटणं करते. शिंप्यांकडून शर्टांचे गठ्ठे येतात, मी काजं करून, बटणं लावून परत पाठवते. म्हणजे आमची पुढची खोली हाच माझा कारखाना. त्या कारखान्यात आता एक माणूस दिवसभर विचारायचा, "किती वाजले गं?" घड्याळ ह्यांच्या नाकासमोर होतं. रविवारी चर्चमध्ये नेलं तर बाकाखाली हात घालून पाय चाचपायचे आणि ऐन प्रार्थनेत माझ्या कानात सांगायचे, "नीट रंधा मारलेला नाही." माझ्या नाकी नऊ आले होते. मला ह्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर राग यायचा.

अशाच एका दुपारी कारखान्यातून फोन आला. तिथल्या कारकुनाला सगळे तंतोतंत म्हणतात, कारण समोरचा जे बोलेल ते तो जसंच्या तसं उतरवून घेतो, पदरचा एक काना घालत नाही.

"निवृत्तांच्या वहीत एक रकाना राहिलाय," तो म्हणाला. "सध्याची स्थिती. कसे आहेत ते?"

माझ्या बोटात नुकतीच सुई गेली होती आणि ह्यांनी सातव्यांदा वेळ विचारली होती. "कसे असणार?" मी म्हटलं. "पार कामातून गेलेत."

"पार... कामातून... गेलेत," तो लिहिता लिहिता पुटपुटला. "आभारी आहे." आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी दोन हमाल हातगाडी घेऊन दारात उभे. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'कामातून गेलेली वस्तू, एक नग. भंगार भांडारात जमा करणे.' मी आधी हसले. मग तोंड सोडलं. "वस्तू कसली? माझा नवरा आहे हा."

"असतील की, बाई," मोठा हमाल समजुतीने म्हणाला. "पण नोंद कारखान्याच्या वहीत आहे. तुमच्या वहीत असते तर तुमच्याकडे राहिले असते."

माझ्याकडे वही नव्हती. त्यांनी ह्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला एक चिठ्ठी बांधली, 'पार कामातून गेलेत' अशी. ह्यांनी मान खाली घालून ती सावकाश वाचली, पायात चपला सरकवल्या आणि जाऊन हातगाडीवर बसले. भांडले नाहीत. चूक झाली असेल, असंही म्हणाले नाहीत. ह्यांना ते पटलं होतं, आणि तेच माझ्या जिव्हारी लागलं.

आत जाण्याची परवानगी मिळवायला मला अकरा दिवस लागले. डबा मात्र रोज आत जायचा, 'वंगण' या सदराखाली. पहिले दोन दिवस तो अर्धा परत आला, तिसऱ्या दिवसापासून पुसून लख्ख येऊ लागला. मला वाटलं, हमाल खात असतील.

बाराव्या दिवशी मी आमच्या चर्चच्या पाळकांना सोबत घेऊन गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना विचारलं, "आपलं काम?"

"सेवा," पाळक म्हणाले, कारण ते नेहमी तेच म्हणतात.

"बरं झालं आलात. सर्व्हिसिंगवाल्याची महिनाभर वाट बघतोय," असं म्हणून त्याने त्यांच्या हातात तेलाची बुधली दिली आणि कोपऱ्यातल्या पाच हातगाड्या दाखवल्या. पाळक क्षणभर घुटमळले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पाचही गाड्यांच्या चाकांना तेल घातलं. मी रागाने उभी होते. "असू दे ताई," ते म्हणाले, "चाकं खरंच करकरत होती."

भांडार म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. तिच्यात छतापर्यंत मोडक्या खुर्च्या. कुणाला पाठ नाही, कुणाला बैठक नाही, बहुतेकांना एखादा पाय नाही. त्या ढिगाच्या पायथ्याशी आमचे हे उभे होते. बाह्या वर, कानावर पेन्सिल, केसांत भुसा. चिठ्ठी अजून बटणालाच होती, फक्त कामात मध्ये येऊ नये म्हणून खिशात खोचलेली. मला बघून त्यांनी हात पुसले आणि माझा दंड धरून मला एका खुर्चीपाशी नेलं.

"बस."

मी बसले.

"डुगडुगते?"

"नाही."

"हिचा सांधा मी केलाय. पाठ मी बसवलीये. चारही पाय मी लावलेत." मग खाली वाकून त्यांनी मागच्या डाव्या पायावर हात ठेवला. "हा माझाच, बावीस वर्षांपूर्वीचा. चौतीस वर्षं मला धास्ती होती गं, की माझा पाय आखूड पडत असेल. कुणी कधी सांगितलंच नाही. आखूड पडत नाही. बरोबर बसतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला एका खुर्चीचा हेवा वाटत होता. एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला का सांगितलं नाही? आणि मी तरी कधी विचारलं होतं?

"एकोणीस झाल्या," मागून कुणीतरी म्हणालं. ते भांडाराचे प्रमुख होते, भंगारसाहेब. गृहस्थ अतिशय नम्र, आणि नम्र माणसांशी भांडता येत नाही ही माझी जुनी अडचण आहे. त्यांनी आम्हाला दुरुस्त खुर्च्यांवर बसवलं आणि एक फॉर्म पुढे केला.

"मार्ग दोन आहेत," ते म्हणाले. "वस्तू उपयोगी ठरली तर ती कारखान्याची. ती पुन्हा मूळ विभागात जाईल."

"मागचा डावा पाय?" ह्यांनी विचारलं. चेहरा उतरला होता.

"अर्थात. आणि आता निवृत्ती नाही, कारण वस्तूला वय नसतं. झिजेपर्यंत चालवायची. दुसरा मार्ग म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवणं. मग ती ज्याला हवी त्याने खुशाल घरी न्यावी. मात्र तिच्या सर्वांत जवळच्या माणसाने तसं स्वहस्ते लिहून द्यायचं. 'ही वस्तू पूर्णपणे निरुपयोगी आहे.' बारा दिवसांत कुणी लिहून दिलं नाही तर ती आपोआप उपयोगी धरतात. आज बारावा दिवस. पाच वाजता शटर पडतं."

पाचाला वीस मिनिटं होती. ह्या खेपेला वेळ मला कुणी विचारली नव्हती.

मी पेन घेतलं आणि 'ही वस्तू' इथपर्यंत लिहिलं. पुढे हात चालेना. एकदा माझ्या जिभेने ह्यांना भंगारात घातलं होतं. आता तेच माझ्या हाताने, ह्यांच्या देखत, शाईने लिहायचं होतं.

"मला जमणार नाही," मी म्हटलं. "अहो, ते मी म्हटलं होतं. फोनवर. पार कामातून गेलेत, ते माझे शब्द आहेत. तंतोतंतचा दोष नाही."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"चिठ्ठी वाचली तेव्हापासून. त्या कारकुनाला इतकं ठसक्यात लिहिता येत नाही."

बारा दिवस हा माणूस माझं ते वाक्य छातीवर बांधून वावरत होता. मी रडले. भंगारसाहेबांनी नम्रपणे ढिगाकडे तोंड फिरवलं.

पाळक तेलकट हात रुमालाला पुसत होते. "मला एक विचारायचंय," ते भंगारसाहेबांना म्हणाले. "देवाने माणूस केला तो सहाव्या दिवशी, आणि सातव्या दिवशी सुट्टी होती. म्हणजे माणूस जगात आला तो थेट सुट्टीवर. पहिल्या दिवशी त्याने काडीचंही काम केलं नाही. तुमच्या नियमात तो उपयोगी की निरुपयोगी?"

भंगारसाहेबांनी गांभीर्याने विचार केला. "हजेरी लागली होती?"

"देवाने बघितलं होतं, आणि फार चांगलं आहे असं म्हटलं होतं."

"लेखी?"

"लेखी आहे."

"मग वस्तू चांगली, पण निरुपयोगी," भंगारसाहेब म्हणाले. "असा शेरा मी आजवर बघितला नाही. पण नियमात बसतो."

ह्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसले. पूर्वी बसायचे तसे नाही. कोपर गुडघ्यांवर, हात एकमेकांत.

"हे बघ," ते म्हणाले, "घरी बसलो होतो तेव्हा तू हे लिहिलं असतंस तर मी मेलो असतो. आता लिही. देवाला खुर्चीची गरज होती म्हणून त्याने मला घडवलं नाही. आधी मला घडवलं, मग काम हातात दिलं. ते हातातून गेलं तर मी पण गेलो, असं मला वाटलं होतं. इथे एक अख्खी खुर्ची केली आणि कळलं. उपयोगाचा आहे म्हणून नाही केली. करता येते म्हणून केली, आणि कुणीतरी टेकेल म्हणून. लिही तू. मला काही होत नाही."

"आणि मला होतंय त्याचं काय?"

"तुला व्हायलाच हवं," ते म्हणाले, आणि बारा दिवसांत, खरं तर बऱ्याच वर्षांत, पहिल्यांदा मला चिडवल्यासारखे हसले.

मी लिहिलं. भंगारसाहेब खांद्यावरून बघत होते. "नि ऱ्हस्व, बाई. शुद्धलेखन चुकलं तर वस्तू अर्धवटच निरुपयोगी ठरते, आणि अर्धी आम्हाला ठेवावी लागते." मी वेलांटी नीट केली. त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला, मग ह्यांच्या मनगटावरही मारला, आणि पाचाला चार मिनिटं असताना आम्हाला मोकळं केलं.

पण वस्तू स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर जाऊ शकत नाही, असा आणखी एक नियम निघाला. तेव्हा ह्यांना हातगाडीवर बसवलं आणि मी आणि पाळकांनी गाडी ढकलत घरी आणली. रस्त्यात दवाखान्याबाहेर नेहमीसारखी रांग होती. माणसं भिंतीला टेकून उभी, एक गरोदर बाई चक्क पायरीवर बसलेली. ह्यांनी गाडी थांबवायला लावली.

"ह्यांना खुर्च्या का नाहीत?" त्यांनी पाळकांना विचारलं.

"कुणी दिल्या नाहीत."

"तिकडे एकोणीस पडल्यात. भंगारच ना ते? ज्याला हव्या त्याने न्याव्यात." मग ते रांगेतली माणसं बोटाने मोजू लागले. एकोणीसच्या पुढे गेले तेव्हा मला कळलं की हा माणूस सोमवारी परत जाणार.

आणि त्याला अडवता येईना. बाहेरच्या माणसाने भंगारात काम करू नये, असा नियम नव्हता. कुणी करेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पाळकांनी शनिवारीच भंगारसाहेबांना तसं विचारून घेतलं.

रविवारी उपासनेनंतर हे दुपारभर झोपले. तोंड उघडं, हात दोन्हीकडे पसरलेले, जगाला काडीचा उपयोग नाही असे. शर्टांचा गठ्ठा कोपऱ्यात होता, मी त्याला हात लावला नाही. शेजारी बसून राहिले. मला त्या माणसाची इतकी माया आली की मलाच लाज वाटली.

सोमवारी सकाळी दाढी करून, पटाशी आणि रंधा पिशवीत घालून हे दारात उभे राहिले.

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"काम संपलं की."

"त्या खुर्च्या तुमच्या जन्मात संपायच्या नाहीत."

"हो ना," ते चप्पल घालत म्हणाले. "म्हणून जेवायला घरी येणार आहे."