चौकटीच्या कडेला एक हात

मित्रांनो, काचेच्या कपाटात दुसऱ्या फळीवर मी बसलेला असतो. माझ्या शेजारी ओलावा शोषणारी पांढरी पुडी असते. माझ्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेला एक कागद आहे आणि त्यावर दोन रांगांत आकडे आहेत. मी एक जुना कॅमेरा आहे. तो कागद माझ्या पाठीवर कसा आला, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. दोन हात बदलून मी हैदराबादच्या एका दुकानात आलो. तिथून सिद्धोधन साहेबांनी मला परभणीला आणले. साहेब कृषी विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक होते. आठवडाभर परीक्षानळ्या धुणे आणि रविवारी मला गळ्यात अडकवून बाजारात फिरणे, असा त्यांचा क्रम होता.

माझी रचना थोडी वेगळी आहे. ज्या खिडकीतून तुम्ही बघता ती एकीकडे आणि ज्या भिंगातून फोटो निघतो ते दुसरीकडे. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो. त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक पक्की आणि एक भुतासारखी फिकट. भिंगाची कडी फिरवली की फिकट प्रतिमा सरकते. दोन्ही एकमेकींवर नेमक्या बसल्या की अंतर जुळले, आता बटण दाबायचे. माझ्यासारख्यांना अंतरमापी कॅमेरे म्हणतात.

माझ्या खिडकीत एक पांढरी चौकट असते. चौकटीच्या आत जे असेल ते फोटोत येते. पण चौकटीच्या बाहेरचेही थोडेसे दिसते. डावीकडून सायकल येते आहे, उजवीकडून कोणी टोपली घेऊन निघाले आहे, हे आधीच कळते. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्याला हे फार उपयोगी असते.

साहेबांचा एक नियम होता. ज्याचा फोटो काढला त्याला पुढच्या रविवारी प्रत नेऊन द्यायची, तीही मागे नाव लिहून. पुसट आली तर द्यायची नाही, पुन्हा काढायची. न्हाणीघराला काळा पडदा लावून ते स्वतः फिल्म धूत. परभणीच्या बाजारात आणि जवळच्या पिंगळीच्या स्टेशनावर माझ्या भिंगातून आलेले कितीतरी चेहरे आज घराघरांत आहेत.

फक्त एक बाई कधी हाती लागली नाही. पिंगळीच्या फलाटावर शेंगा विकणारी सरजाबाई. मी डोळ्याला लागलो की ती टोपली उचलून बाजूला सरायची. साहेबांना म्हणायची, तरण्या पोरींचे काढा, माझ्या थोबाडाने तुमची काच तडकेल. साहेब हसून तिच्याकडून शेंगा घ्यायचे. मला मात्र ती दर वेळी दिसायची, पांढऱ्या चौकटीच्या थोडी बाहेर.

मग ती दिवाळी आली. साहेबांची मुलगी मनिषा तेव्हा बारावीत होती. बापलेक जिंतूरला नातलगांकडे गेले होते. परतताना बसस्थानकावर तोबा गर्दी होती. बस लागताच लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या टाकून जागा धरू लागले. मनिषाच्या हातात माझी पिशवी होती. तिने मला उचलले आणि खिडकीतून सीटवर टाकले.

जागा मिळाली. पण मागच्या माणसाची ट्रंक आत आली, तिचा धक्का लागला आणि मी सीटवरून खाली पत्र्यावर पडलो.

मनिषा धावत आत आली. तिने मला पिशवीतून काढून सगळीकडून पाहिले. ओरखडा नव्हता. काच शाबूत होती. खिडकीत बघून कडी फिरवली, तर दोन प्रतिमा एक होत होत्या. तिने मला पुन्हा पिशवीत ठेवले. साहेब आले, बसले, आणि जागा लय भारी धरलीस म्हणून त्यांनी तिची पाठ थोपटली. मी पडल्याचे तिने सांगितलेच नाही.

माझ्या आत एक छोटा आरसा असतो. तो केसाएवढा सरकला होता. आता खिडकीत प्रतिमा जुळल्या तरी भिंगाचे अंतर जुळत नव्हते. मी खोटे बोलू लागलो होतो आणि मला ते सांगता येत नव्हते.

पुढच्या फिल्मवर माणसे पुसट आली. साहेबांनी पुन्हा काढले, पुन्हा तसेच. त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. डॉक्टरांनी सांगितले की मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण एवढ्यात काही करायची गरज नाही. साहेबांनी त्यातले पहिले वाक्यच लक्षात ठेवले. प्रतिमा जुळल्यासारख्या वाटतात पण जुळत नाहीत, म्हणजे दोष आपल्या डोळ्यांचाच, असे त्यांनी ठरवले. त्यांनी मला दोष दिला नाही. देता आला असता तर बरे झाले असते.

हळूहळू रविवार सुटला. मी गळ्यात असायचो, पण पिशवी उघडायची नाही. अशाच एका रविवारी सरजाबाई आपणहून पुढे आली. तिला नात झाली होती.

"साहेब, आता माझा एक काढा," ती म्हणाली. "मेल्यावर भिंतीला लावायला लागतोय का न्हाई?"

साहेबांनी सांगितले की डोळे आता साथ देत नाहीत, फोटो बिघडेल.

"डोळे तुमचे गेले, थोबाड तर माझंच हाय ना? येईल तसं येऊ द्या."

तरी ते नको म्हणाले. पुसट फोटो द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात सरजाबाई गेली. साहेब भेटायला गेले तेव्हा तिचा मुलगा भागवत याने भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. मोबाईलमधले सगळे फोटो मोबाईलबरोबरच गेले, असे तो म्हणाला. भिंतीवरची बाई कुणीही असू शकली असती. त्या दिवशी घरी आल्यावर साहेबांनी मला कपाटात ठेवले.

मी बसमध्ये पडलो त्याला सात वर्षे झाली. मनिषा भौतिकशास्त्र शिकून महाविद्यालयात शिकवू लागली. वडिलांनी पुन्हा फोटो काढावेत म्हणून तिने भक्ती या मैत्रिणीचा कॅमेरा आठवड्यासाठी आणला. त्याच्या खिडकीत छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो. भिंगातून जे आत येईल तेच त्यावर दिसते, हवे तर मोठे करूनही. फोटो कसा येणार ते आधीच कळते. चौकटीबाहेरचे मात्र काही दिसत नाही.

दोहोंपैकी कोणता चांगला, यावर घरात तीन दिवस चर्चा चालली. साहेब जुन्या सवयीने कडी हातानेच फिरवत होते. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्या किशनरावांचा फोटो त्यांनी त्या नव्या कॅमेऱ्यावर काढला. मिशीचा केस न् केस मोजता येत होता. साहेब खूश झाले. यंत्राने डोळ्यांना हात दिला, असे म्हणाले.

मनिषा मात्र विचारात पडली. कडी तर वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनीच जुळवली होती. तिने पुसट आलेल्या फोटोंच्या निगेटिव्हची पाकिटे काढून खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी धरली. माणूस पुसट, मागची भिंत स्पष्ट. पुढचीही तशीच, त्यानंतरचीही. डोळ्यांची चूक असती तर कधी पुढे झाली असती, कधी मागे. ही चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला होत होती. अशी चूक माणसाची नसते, उपकरणाची असते, हे ती वर्गात शिकवत होती.

तिने मला कपाटातून काढले. दोन मीटरवर दोरीला कॅलेंडर टांगले. माझी पाठ उघडून फिल्मच्या जागी बटर पेपर लावला आणि भिंगामागचा पडदा, म्हणजे शटर, उघडा धरून कागदावरची प्रतिमा हातातल्या भिंगाने पाहिली. माझ्या खिडकीत कॅलेंडरच्या तारखा अगदी जुळल्या होत्या. कागदावर मात्र त्या लोकरीसारख्या दिसत होत्या, आणि अर्धा मीटर मागची घराच्या खिडकीची जाळी लख्ख होती. तिने मोजमाप तीनदा केले. मग ती मला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

सकाळी चहाच्या वेळी तिने वडिलांना सगळे सांगितले. जिंतूरची बस, खिडकी, पत्रा.

साहेबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत होते. वर्षे मोजत असतील असे तिला वाटले. ते माणसे मोजत होते.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रागावलो असतो," ते म्हणाले. "लय तर तीन." आणि मग अगदी हळू म्हणाले, "सरजाबाईनं पदर घेतला होता गं."

मनिषा उठून निगेटिव्हची बाकीची पाकिटे घेऊन आली.

त्या आठवड्यात दोघांनी मिळून पडण्याआधीच्या सगळ्या निगेटिव्ह पाहिल्या. एका फोटोत फलाटावर एक शाळकरी मुलगी उभी होती. तिच्या बाजूला चौकटीच्या अगदी कडेला एक हात आला होता. बाजूला सरताना सरजाबाईचा हात मागे राहिला होता. टोपलीची कड, मनगटावरचे गोंदण, काचेच्या चार बांगड्या. सगळे स्पष्ट.

साहेबांनी पुन्हा न्हाणीघराला काळा पडदा लावला. तेवढाच भाग मोठा करून छापला आणि मागे नाव लिहिले. रविवारी ते पिंगळीला गेले. मी त्यांच्या गळ्यात होतो. भागवतने फोटो हातात घेऊन उजेडात धरला. मग गोंदणावरून बोट फिरवत म्हणाला, "हीच माझी आई."

आता तो हात आधार कार्डाच्या फोटोशेजारी लावला आहे.

साहेबांनी शेवटी नव्या कॅमेऱ्यासारखाच कॅमेरा घ्यायचे ठरवले. जे दिसते तेच येणारे आता पाहिजे, असे ते म्हणाले. मला वाईट वाटले नाही. माझा आरसा जागेवर आणणारा कारागीर आता जवळपास मिळत नाही. म्हणून मनिषाने माझी चूक मोजून पाठीवर हा कागद लावला. खिडकी दोन मीटर म्हणते तेव्हा कडी कुठे ठेवायची, तीन म्हणते तेव्हा कुठे. तिची एवढीच भरपाई होती. कागद अजून कोणी वापरलेला नाही.

मित्रांनो, वस्तू हातातून पडतात. त्यात मोठा गुन्हा नाही. पण पडलेली वस्तू वरून धड दिसली म्हणून गप्प राहू नका. आम्हाला तोंड नसते. तुम्ही त्याच दिवशी सांगितले नाही, तर आमची चूक कुणीतरी भला माणूस स्वतःची समजून सात वर्षे वागवतो, आणि कुणीतरी डोक्यावर पदर घेऊन उभेच राहते.