आणखी एक पीळ

आमच्या मामांना देवाने मनगटांच्या जागी पान्हे बसवून पाठवलं होतं. धंदा नळजोडणीचा. पाइप घट्ट बसला की बाकीचे प्लंबर हात पुसतात. मामा म्हणायचे, "आणखी एक पीळ," आणि देऊन टाकायचे. त्यांनी बसवलेला नळ कधी गळला नाही. काहींतून पाणीही आलं नाही, पण ती गोष्ट वेगळी. एका घरी त्यांनी साखरेच्या बरणीचं झाकण लावून दिलं, तर ती मंडळी बरणी तिथेच सोडून दुसरीकडे राहायला गेली. नवे भाडेकरू अजून बिनसाखरेचा चहा पितात. भिंतीवरच्या घड्याळाला मामांनी किल्ली दिली तेव्हा गुरुवार बुधवारच्या आधी उगवला होता, पण त्याला साक्षीदार मी एकटाच, म्हणून तो विषय सोडू.

मामींचा नाद निराळा. त्या रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायच्या. मांजराएवढी गाडी, पण तिचे अवयव घरातल्या जेवणाच्या टेबलभर पसरलेले. ताटं मांडीवर घ्यायची. मामी चालवणार, मामा मिस्त्री. एरवी दोघांत आठवडाभर "पोळी वाढू?" आणि "नको" एवढाच संवाद. रविवारी मैदानात मात्र तोंडाला खळ नसे. भांडायचेच, पण बोलायचे. मामा त्या दिवसाची वाट सोमवारपासून बघायचे.

आणि लागोपाठ दोन शर्यतींत गाडीचं पुढचं चाक निखळून प्रेक्षकांत गेलं.

"अहो, इकडे या," मामी म्हणाल्या. पुढची चाकं धरून ठेवणारा प्लास्टिकचा ठोकळा त्यांनी मामांच्या नाकासमोर धरला, भोकात स्क्रू घातला आणि फिरवला. तो गरगर फिरत राहिला, कुठे धरेचना. "आतले आटे पार खाऊन टाकलेत तुम्ही. हे प्लास्टिक आहे, पाण्याची टाकी नव्हे!"

"ढिला राहू नये म्हणून जरा..."

"जरा! असा ठोकळा आता बाजारात मिळत नाही. या रविवारी चाक पडलं, तर पुढच्या वेळेपासून शेजारचे दातांचे डॉक्टर माझे मिस्त्री. स्वतःहून विचारलंय त्यांनी. हात हलका आहे म्हणे."

दुसऱ्या दिवशी मामा त्याच डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसले.

डॉक्टरांनी सगळं तोंड तपासलं. "दात खणखणीत आहेत. दुखतंय कुठे?"

"दुखत नाही. समजा भोक असतं, तर कसं भरलं असतं?"

"आधी साफ करायचं. कोरडं करायचं. थोडं थोडं भरायचं."

"आणि मग?"

"मग हात लावायचा नाही."

"अजिबात?"

"अजिबात. लोकांना तेवढंच जमत नाही बघा."

मामा घरी आले आणि टेबलाशी बसले. भोकातला चुरा टाचणीने काढला, कापसाने तेल पुसलं. सुपरग्लूचा थेंब, वर खाण्याच्या सोड्याची चिमूट. भोकातून धुराची बारीक रेघ निघाली आणि मिश्रण दगड झालं. पुन्हा थेंब, पुन्हा चिमूट. भोक काठोकाठ भरल्यावर स्क्रूपेक्षा बारीक ड्रिल घेऊन मधोमध नवं भोक पाडलं आणि नवे आटे पाडत स्क्रू हळूहळू आत उतरवला. तो धरायला लागला. मामींनी स्वयंपाकघरातून फक्त "सोडा कुठे गेला?" एवढंच विचारलं.

रविवारी अर्धी शर्यत नीट झाली. मग गाडी वळणावरच्या टायरवर आपटली आणि लंगडत मामांपाशी आली. चाक लोंबकळत होतं, स्क्रू निसटून वाळूत पडला होता. भोक मात्र शाबूत होतं.

मामांनी स्क्रू पुसून भोकावर ठेवला आणि आधी उलटा फिरवला. खट्ट! त्याच नव्या आट्यांत बसला. मग दोन बोटांनी सुलटा. डोकं ठोकळ्याला टेकलं. काम झालं होतं.

पण मनगट थांबेना. ते आपलं आपणच फिरायला लागलं. मामांनी डाव्या हाताने उजवा धरला. दोघांत अशी जुंपली की शेजारच्या गाड्यांचे मिस्त्री सोडवायला धावले.

"अहो, झालं का?" रिमोट घेऊन चालकांच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्या मामी ओरडल्या. "सोडा की गाडी!"

शेवटी मामांनी स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला, पायाने गाडी पुढे ढकलली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. शर्यत संपेपर्यंत ते उठले नाहीत.

गाडी शेवटून दुसरी आली. चाक जागेवर होतं.

शर्यत बघायला आलेल्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "फिलिंग झकास आहे. कुणी केलं?"

"माझ्या मिस्त्रींनी," मामी म्हणाल्या. "तुम्ही दातच बघा."

तेव्हापासून मामांनी पीळ देणं सोडलं ते सोडलंच. आता त्यांनी बसवलेला प्रत्येक नळ गळतो. अख्ख्या गल्लीत रात्रंदिवस टपटप चालू असते. तळमजल्यावरच्यांनी बदकं पाळलीत.

"अहो, आपल्या नळाला तरी आणखी एक पीळ द्या ना," मामी म्हणतात.

"नको गं. आटे जातील."

मामी नळाखाली बादली सरकवतात आणि टेबलाशी येऊन बसतात. "बरं, मागचं चाक बघा जरा," म्हणतात. आणि त्या दिवशी रविवारही नसतो.