निळा बोगदा

“आज बोगदा बंद,” डेसने बर्फाची कुऱ्हाड आडवी धरून सांगितलं. “छत भरवशाचं नाही.”

मागची दहा पर्यटक माणसं थांबली. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून, बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधून ती तासभर चालली होती, ती बर्फातल्या या निळ्या बोगद्यासाठीच. पण ‘का’ असं कुणी विचारलं नाही. बर्फावर वाटाड्याचा शब्द शेवटचा.

छत ठणठणीत होतं. रात्रीच्या पावसाने तोंडाशी खोदलेल्या पायऱ्या वाहून गेल्या होत्या. नव्या खोदायच्या तर गुडघ्यावर बसायला हवं, आणि डेसचा उजवा गुडघा बसला की उठत नव्हता. चौतीस वर्षांत तो हवामानाबद्दल, पायलटांबद्दल, स्वतःच्या लग्नाबद्दल भरपूर थापा मारत आला होता. बर्फाबद्दल आजपर्यंत एकही नाही.

“नवऱ्याबरोबर आले होते तेव्हा खालून चालत चढता यायचं,” टोळीतली, टिमारू गावाहून आलेली प्रू म्हणाली. सत्तरी ओलांडलेली बाई. “तो आत गेला, मी घाबरून बाहेर. मरेपर्यंत चिडवलं मेल्याने. म्हटलं, या खेपेला जाऊनच येते.”

“तो बोगदा केव्हाच वितळला,” डेस म्हणाला.

“निळा रंग तोच असेल ना?”



तेवढ्यात दुसरी वाटाडी, मेरेआना, आपली टोळी घेऊन पोचली. बर्फाचा आवाज ओळखायला तिला डेसनेच शिकवलं होतं. तिने कुऱ्हाडीच्या दांड्याने छत ठोकलं. खणखणीत आवाज आला. तिने डेसकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडे.

“अंकल बरोबर सांगतायत. बंद. फिरा मागे.”

“म्हणजे एवढे उडून आलो ते यांची दाढी बघायला?” तिच्या टोळीतला एक जण म्हणाला.

“ती पण लांबूनच बघायची,” मेरेआना म्हणाली.

सगळे हसले. डेसही हसला, आणि आपण हसलो याची त्याला शरम वाटली.

परतीच्या हेलिकॉप्टरपाशी प्रूने त्याचा हात धरला. “आमच्या जिवाची काळजी घेतलीत. आभारी आहे हं.” सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. वर पंखा घरघरायला लागला होता. तेवढी सबब त्याला पुरली.

खाली ठाण्यावर वाटाड्यांचा फळा होता. संध्याकाळी त्यावर बर्फाची स्थिती लिहायची, सकाळी ती वाचून वर जायचं. मेरेआनाने लिहून ठेवलं होतं : ‘बोगदा बंद. छत कच्चं. – डेस.’

“हे तू लिहिलंस?”

“शब्द तुमचा होता, अंकल. लोकांसमोर मी खोडणार होते होय?” ती बुटांच्या पट्ट्या धूत राहिली. “गुडघा कधीपासून?”

“मार्च.”

“मला सांगायचंत की. पायऱ्या मी खोदल्या असत्या.”

डेसने बाहीने फळा पुसला. खडू दोनदा मोडला. ‘बोगदा चांगला. छत पक्कं. माझा गुडघा गेला म्हणून खोटं बोललो. – डेस.’

“उद्या पहिल्या फेरीत एक जागा आहे?”

“आहे. तुम्ही येणार?”

“मी नाही.”

रस्त्यापलीकडच्या मोटेलकडे तो निघाला. मार्चनंतर पहिल्यांदाच तो लंगडणं न लपवता चालत होता. प्रूच्या दारावर त्याने टकटक केली, आणि आतून पावलं जवळ येईपर्यंत टोपी काढून हातात घेतली.